गिरमिट ते व्हिसा

लिंबागणेशात उचल आणि खाडा म्हणजे काय हे सांगायला नको. १८३४ पासून करारावर अंगठा देऊन मजूर मॉरिशसच्या उसात गेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. तिथं एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा करारांना गिरमिट नाव पडलं. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली.

आज १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. एजंटाकडं सरकारी परवाना हवा; त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार आणि जीएसटी. दहावी न झालेल्या बाईला सौदी, कुवेतला कामासाठी जायचं तर वयाची ३० वर्षं पूर्ण हवीत, सरकारी मंजुरीही हवी. फिरण्याच्या व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आधी कागद वाचून घ्या, मग सही.