‘झुडपी जंगल’ : एका महसुली शब्दाची कुळकथा

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून आलापल्लीच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला जंगल म्हणजे काय हें कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं. आलापल्लीचें सागवान सर्वत्र विख्यात आहे. तेथील ‘वनवैभव’ या नांवाचा सुमारें सहा हेक्टरांचा जुन्या वृक्षांचा भाग २०१४ सालीं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. अशा वनाला वन म्हणावयास कोशाची गरज पडत नाहीं.

परंतु याच गडचिरोली जिल्ह्याच्या, तसेंच चंद्रपूर, नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या महसुली दप्तरांत आणखी एक जंगल आहे. तें डोळ्यांना दिसेलच असें नाहीं. कागदावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असते आणि जाग्यावर शाळा उभी असते, किंवा स्मशान, किंवा दोन पिढ्यांचें राहतें घर. घरवाला घरांत राहतो, पण त्याच्या पायाखालीं कायद्यानें जंगल आहे. गांवाला पाण्याची टाकी बांधावयाची झाली तर केंद्र सरकारची अनुमति आणावी लागते. एका शब्दानें हा सारा घोळ कसा झाला, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला. पुढें चांदा जिल्ह्याची जमाबंदी मेजर लुसी स्मिथ यांनीं केली आणि तिचा अहवाल १८६९ चा आहे. या प्रांतांत इंग्रजांनीं मालगुजारांना गांवाची मालकी दिली. (दक्षिणेकडे अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांची व्यवस्था निराळी.) गांवाबरोबर गांवची पडीक जमीनही मालगुजाराकडे गेली. मात्र रयतेला तेथें गुरें चारण्याचा, सरपण व कुंपणाच्या काट्या आणण्याचा जो हक्क होता त्याला ‘निस्तार’ म्हणत, आणि तो गांवच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदांत नमूद केलेला असे. सरकारी जंगलें याहून वेगळीं. त्यांच्यासाठीं १८६५ व १८७८ चे कायदे झाले आणि त्यांतून ‘राखीव’ व ‘संरक्षित’ हे शब्द आले.

पडीक जमिनीवर काय उगवलें आहे, तें तर कागदावर उतरविणें भागच होतें. मध्यप्रदेश व छत्तीसगडच्या कागदांत ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ असे शब्द अजून आढळतात. आपल्याकडील ‘झुडपी जंगल’ हा त्याच घराण्यांतला शब्द. हलकी जमीन, वर बोरी-बाभळी, मध्यें गुरांच्या वाटा, एवढाच त्याचा आशय. जमीन कशी दिसते तें तो सांगे. तिच्यावर अंमल कोणाचा, याविषयीं त्यांत कांहीं नव्हतें.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून या जमिनी सरकारच्या झाल्या. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं, नोंद तीच राहिली. सुमारें पावणेदोन लाख हेक्टर जमीन या एका शब्दाखालीं होती, आणि तींतील पुष्कळशी सरकारनेंच घरांना, शाळांना, कचेऱ्यांना वाटून दिली. त्या काळीं त्यांत कोणालाही वावगें वाटलें नाहीं. वाटण्याचें कारणही नव्हतें.

मग २५ ऑक्टोबर १९८० रोजीं वनसंवर्धनाचा कायदा आला आणि केंद्राच्या पूर्वसंमतीवांचून वनजमीन अन्य कामीं लावण्यास बंदी झाली. वन म्हणजे काय, तें त्या कायद्यानें सांगितलें नव्हतें. तें सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ रोजीं गोदावर्मन प्रकरणांत सांगितलें : कोशांतल्या अर्थानें जें वन तें वन, आणि मालकी कोणाचीही असो, सरकारी दप्तरांत ज्याची वन म्हणून नोंद तेंही वन. या दुसऱ्या वाक्यानें वर्णनाचा शब्द हुकुमाचा शब्द झाला.

‘झुडपें म्हणजे कांहीं जंगल नव्हे’ अशी तक्रार तेव्हांपासून ऐकूं येते. व्यवहारांत ती रास्त आहे. भाषेच्या दृष्टीनें मात्र ती टिकत नाहीं. संस्कृतांत ‘जाङ्गल’ म्हणजे दाट अरण्य नव्हेच. आयुर्वेदानें देशाचे जाङ्गल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले. त्यांत जाङ्गल म्हणजे कोरडा, मोकळा, थोड्या पाण्याचा, खैर-बोरींचा प्रदेश. त्या हिशेबानें झुडपी माळ हेंच मूळचें जंगल, आणि आलापल्लीचा सागवनी भाग त्याहून निराळा! इंग्रजांचा ‘फॉरेस्ट’ही झाडांवरून आलेला नाहीं. राजाच्या शिकारीसाठीं विशेष कायद्याखालीं घातलेला मुलूख तो फॉरेस्ट. त्यांत माळरानें आणि गांवेंही असत. दप्तर म्हणेल तें वन, ही कल्पना त्यामुळें १९९६ ची नव्हे. ती बरीच जुनी आहे.

सरकारच्या मतें यांपैकीं ८६,४०९ हेक्टर जमीन वनव्यवस्थेला निरुपयोगी होती व ती वगळावी अशी मागणी होती. सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं ती मान्य केली नाहीं : झुडपी जंगल हें वनच. पण जुनीं घरें मोडावीं असेंही तें म्हणालें नाहीं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीं दिलेल्या जमिनींसाठीं राज्यानें केंद्राची मंजुरी घ्यावी, आणि भरपाईच्या वृक्षलागवडीची अट न घालतां केंद्रानें ती द्यावी. त्यानंतर वाटलेल्या जमिनींबाबत मात्र कारणें द्यावीं लागतील व वांटणाऱ्या अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागेल. कोठेंही वाटणी न झालेले, वनाला लागून नसलेले, तीन हेक्टरांहून लहान तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर करावयाचे आहेत.

नियमित झालेल्या जमिनीचा वापर पुढें बदलतां येणार नाहीं, आणि ती हस्तांतरित होईल ती केवळ वारसाहक्कानें. म्हणजे घरवाल्याला आपलें घर मुलाच्या हातीं देतां येईल, विकतां येणार नाहीं.