उष्मांक, गोदाम आणि आपली भाकरी



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत दुपारच्या सुट्टीत जाऊन पाहा. व्हरांड्यात मुलांची पंगत बसलेली असते, खिचडीचा वास सुटलेला असतो. या जेवणामागे सरकारी नियमाचा एक आकडा असतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. शिक्षक बंधुभगिनींना हे आकडे तोंडपाठ असतील. पण हा उष्मांक आला कोठून, आणि आपण काय खावे हे तो खरोखर ठरवतो का, या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि तो थेट आपल्या चुलीपाशी येऊन पोहोचतो. तो आज थोडक्यात पाहू या.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढा एक उष्मांक. इंग्रजीतला कॅलरी तो हाच. बैलगाडीला बैल लागतो, मोटारीला तेल लागते, तसे माणसाच्या देहाला अन्नातून ही उष्णता लागते. शंभर ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३४९ उष्मांक मिळतात, तांदळातून ३४५, गव्हातून ३४६. हे तीन आकडे ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हा शब्द रूढ होण्याच्या आधीच त्याचा हिशेब आपल्या दख्खनेत येऊन गेला होता. १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तर शिवेपलीकडचे सोलापूर मुंबई इलाख्यात. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने खर्च वाचवण्यासाठी असे ठरवले की, दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली. एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यातही मजुरी तोडल्यावर हजारो मजूर काम सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आज आपण तो हिशेब स्वतः करून पाहू शकतो. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तेवढ्या ज्वारीचे उष्मांक होतात १,६०० च्या आत. आणि अवजड काम करणाऱ्या पुरुषाला, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, लागतात ३,४७०. म्हणजे धान्याचा भाग निम्म्यालाही पोहोचत नव्हता! मोजमाप नव्हते असे नाही. मोजणारा एक होता आणि उपाशी राहणारा दुसरा, हे खरे दुखणे.

पुढे १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एका बंद खोलीत माणसाला ठेवून त्याच्या देहातून किती उष्णता निघते ते मोजले आणि अन्नपदार्थांचे तक्ते केले. कामगाराने आपल्या तुटपुंज्या मिळकतीत जास्तीत जास्त उष्मांक विकत घ्यावेत, हा त्यांचा सल्ला. हेतू चांगला होता. पण त्या हिशेबात पालेभाज्या आणि फळे महागात पडत, म्हणून त्यांची किंमत कमी लेखली गेली. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता! १९१८ साली तिकडच्याच लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले आणि सांगितले की, पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर उष्मांकांचा पाव म्हणा. आज मोबाइलवर जेवण मोजणारी मंडळी आहेत ना, त्यांची ही पणजी समजा.

आपल्या देशातही लवकरच ध्यानात आले की नुसती उष्णता पुरत नाही. निलगिरीच्या कुन्नूर गावी मॅकॅरिसन या शास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचे जेवण घातले. शीख आणि पठाण यांचा आहार वरचढ ठरला, मराठी आहार त्यांच्या खालोखाल, आणि पांढऱ्याशुभ्र तांदळावर भिस्त असलेला मद्रासी आहार शेवटी. पोट भरले तरी देह खंगू शकतो, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी त्यांनी रेघ आखली. १९६०-६१ च्या भावाने ती रेघ खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये. त्यांच्या हिशेबाने खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसे त्या रेघेखाली होती. हा आकडा सरकारच्या कानाशी वाजवलेला नगारा होता. 'गरिबी आहे' असे मोघम म्हणणे वेगळे आणि 'इतक्यांना पोटभर मिळत नाही' हे दाखवणे वेगळे. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मात्र निराळा मुद्दा काढला. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक कमीजास्त होतो आणि देह ते सांभाळून घेतो, शिवाय पाणी घाण असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, असे ते म्हणत. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पुण्यात, आणि वाद अस्सल. पुढे २००९ साली तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकाला बांधून ठेवणे सोडले.

दांडेकरांचा नगारा वाजला आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. आपला मराठवाडा होरपळला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर चाळीस लाखांहून अधिक माणसे होती. माझी आई तेव्हा दहाबारा वर्षांची, आजीबरोबर तलावाच्या कामावर पाटी उचलत असे. कामावर सुकडी मिळे, म्हणजे गोड, कोरडा, ताकदीचा खाऊ. आणि रेशनवर मिळे मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, जी तिकडे मुख्यतः जनावरांना घालतात. मिलोने अनेकांचे प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. तिचे उष्मांक आपल्या शाळूपेक्षा फारसे कमी नव्हते. पण आई अजून सांगते, "पोट भरायचं रं, पण जेवल्यावानी वाटायचं न्हाई."

मित्रहो, सगळ्या गोष्टीची किल्ली या वाक्यात आहे. आकड्याला शाळू आणि मिलो सारखेच. मग ताटात मिलो का आली? कारण बोटीतून ती आली होती. आकडा 'किती' एवढेच सांगतो. 'काय' हे तो सांगत नाही, तिथे तो गप्प बसतो. आणि जिथे आकडा गप्प बसतो, तिथे गोदाम बोलते.

खोटे वाटते? मग शाळेच्या खिचडीकडे परत चला. शंभर ग्रॅम तांदळाचे ३४५, वीस ग्रॅम डाळीचे साधारण ६७, पाच ग्रॅम तेलाचे ४५. बेरीज ४५७. नियम पूर्ण झाला, भाजी वेगळीच. आता तांदूळ काढून शंभर ग्रॅम ज्वारी घाला. बेरीज होते ४६१. म्हणजे आकड्याची ज्वारीला काडीचीही हरकत नाही! तरी आपल्या ज्वारीच्या मुलखातली मुले वर्षानुवर्षे तांदूळच जेवत आली, कारण गोदामातून तांदूळ येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य दिले. दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५७५ उष्मांक. गरिबाच्या घरी तो मोठा आधार आहे, त्याला नाव ठेवणे शोभणार नाही. कायद्यात भरडधान्यालाही जागा आहे. पण घरी पोते आले ते बहुधा गव्हाचे आणि तांदळाचे. इकडे खरिपात सोयाबीनने शिवार व्यापले, ज्वारी मागे सरली, कडबा कमी झाला. घरात पोळीभात आला, आणि भाकरी थापणारे हातही कमी झाले. हे कोणी हुकूम काढून केले नाही. मोजताना 'किती' एवढेच विचारले, म्हणून झाले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, मग पुरे करतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मी इतिहासाचा मास्तर, पण मोबाइलवर रोजचे खाणे नोंदवू लागलो. पहिल्याच दिवशी अडलो. भाकरी एक लिहिली, पण केवढी भाकरी? काट्यावर पीठ मोजले. पत्नीची भाकरी ८५ ग्रॅम पिठाची, आईची ११० ची. एका भाकरीत ८५ हून जास्त उष्मांकांचा फरक! मोजण्याने फायदाही झाला. चहाबरोबर सहज तोंडात जाणारे बिस्किट आणि फरसाण दिसू लागले, चहातली साखर कमी केली. पण महिनाभराने एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. आई अंबाडीची भाजी करी, शेंगदाणे कुटून घाली. ती कशी नोंदवावी हे मला कळेना, म्हणून मी ताटात ती नको म्हणू लागलो. आणि पुड्यातले खाणे चाले, कारण पुड्यावर आकडा छापलेला असतो! जे मोजायला सोपे ते मी खात होतो. आई एकदा एवढेच म्हणाली, "तुझ्या त्या डबीला माझी भाजी ठाऊक न्हाई, तर मी काय करू?" मला फार वाईट वाटले. १९७३ साली गोदाम बोलले होते, माझ्या घरी आता पुडा बोलत होता.

मी मोजणे सोडले नाही. पद्धत बदलली. आधी ताट आईने आणि ऋतूने ठरवायचे, मग मी मोजायचे. भाकरी दोनऐवजी दीड, भाजी मात्र पोटभर. मोजमाप चाकर म्हणून चांगले असते, पण त्याला कारभारी केले की घर बिघडते.

शिक्षक मित्रांना एक विनंती करतो. मुलांना उष्मांकाचे गणित जरूर शिकवा. त्यांच्याकडून घरच्या भाकरीचे पीठ तोलून आणवा, खिचडीची बेरीज करवा, तांदळाच्या जागी ज्वारी घालून पुन्हा करवा. उत्तर जवळजवळ तेच आले की विचारा, "मग आपण काय खायचे हे कोणी ठरवायचे?" भूगोल, इतिहास, गणित, सगळे त्या एका प्रश्नात येईल. आणि शेतकरी बंधूंनो, बांधाकडेची का होईना, घरापुरती ज्वारी आणि तूर ठेवा. ऊसतोडीला जाणारी बाई आणि दिवसभर खुर्चीत बसणारा माझ्यासारखा मास्तर, दोघांना एकच आकडा लागू नाही. तिला जास्त हवे, मला कमी. पण दोघांच्या ताटात डाळ आणि हिरवा पाला हवाच.

वेळ अमावस्येला आपण शेतात जातो. कोपीत पूजा मांडतो, अनेक डाळी-दाणे आणि पालेभाज्या घालून भज्जी होते, उंडे होतात, मडक्यात आंबील असते. त्या दिवशी कोणी उष्मांक मोजत नाही. तरी त्या पंगतीत धान्य आहे, डाळ आहे, पाला आहे, ताक आहे. आपल्या आजी-पणजीने आकड्याविना जुळवलेला तो हिशेब आहे. आकडे जरूर शिकू या. पण काय वाढायचे, हे पुढच्या अमावस्येलाही आपल्याच घरात ठरू द्या.