रक्तातील साखर घटल्यास कोणता आहार घ्यावा?

मधुमेह हा साखर वाढण्याचा विकार असला, तरी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना साखर अचानक घटण्याचाही धोका असतो. रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी झाल्यास त्या अवस्थेस 'हायपोग्लायसेमिया' म्हणतात. ५४ पेक्षा कमी पातळी गंभीर समजली जाते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे ही प्रारंभीची लक्षणे होत. मेंदूला ग्लुकोजचा पुरवठा अपुरा पडू लागला, की बोलणे अडखळते, वागणे विसंगत होते आणि अखेरीस शुद्ध हरपते.

रुग्ण शुद्धीवर असेल व त्याला गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. ते नसल्यास तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस चालतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी आणि पातळी ७० च्या खालीच असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. अशा वेळी घरात हमखास पेढा किंवा चॉकलेट पुढे केले जाते. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास विलंब होतो, आणि येथे प्रश्न मिनिटांचा असतो.

अकार्बोज अथवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावे. ही औषधे नेहमीच्या साखरेचे आतड्यातील विघटन मंदावतात, त्यामुळे साखरेचा अपेक्षित परिणाम लवकर दिसत नाही.

पातळी सावरल्यावर पोळी-भाजी, दूध-पोहे असे काही खाणे आवश्यक आहे. अन्यथा साखर पुन्हा घसरू शकते.

पूरक औषधींबाबत मोठा गैरसमज आढळतो. मेथी, कारले, गुडमार यांची चूर्णे 'साखर नियंत्रणात ठेवतात' म्हणून विकली जातात. मात्र त्यांचा कल साखर कमी करण्याकडे असतो, वाढवण्याकडे नव्हे. इन्सुलिन किंवा गोळ्यांच्या जोडीला ती घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना या चूर्णांचा उल्लेख बहुधा राहून जातो. साखर घटल्यावर उपचार म्हणून तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे उपवास करणाऱ्या मधुमेहींनी औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. जेवण टाळून गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेणे हे साखर घटण्याचे एक प्रमुख कारण आहे. रिकाम्या पोटी केलेले मद्यपानही तितकेच घातक, कारण मद्यामुळे यकृताची नवे ग्लुकोज तयार करण्याची क्रिया मंदावते.

बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून ग्लुकोज दिले जाते. ग्लुकागॉनचे इंजेक्शन हाही एक पर्याय आहे, परंतु ते यकृतातील साठ्यावर अवलंबून असल्याने दीर्घ उपवासानंतर कमी परिणामकारक ठरते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या दीर्घकाळ प्रभाव टिकणाऱ्या गोळ्या घेणारे वृद्ध, विशेषतः मूत्रपिंडाचे रुग्ण, शुद्धीवर आल्यानंतरही काही तासांनी पुन्हा कोसळू शकतात. त्यामुळे त्यांना लगेच घरी न पाठवता देखरेखीखाली ठेवले जाते.