ऑइल उद्या आणतो

2016 चा मे महिना. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. कळंब तालुक्यातल्या आमच्या विहिरीने चाळीस फुटांवर काळा पाषाण गाठला होता. यारी लावलेली, ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर काठावर. खाली हॅमरने होल मारायचे, दुपारी सुरुंग उडवायचा.

सकाळी 6.30. अकरा तास आधी

हॅमर चालवणारे मामा म्हणाले, "मालक, ऑइलरमधलं ऑइल संपलंय. कळंबहून आणा, मग हात लावतो." हॅमर रात्रभर तळाच्या ओलीतच पडला होता, पाइपाचं तोंड उघडं. मी म्हणालो, "मामा, उद्या आणतो. आज भागवा." ट्रॅक्टरचं काढून ठेवलेलं जळकं ऑइल मीच त्यांच्या हातात दिलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ते फडक्यातून गाळलं आणि ऑइलरमध्ये ओतलं.

7.15

पहिला होल. ठरलं होतं चौदा होल, प्रत्येकी पाच फूट, बाराच्या आत.

हॅमरच्या पोटात पिस्टन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फटके मारतो. इंजिनासारखा ऑइलचा साठा त्याच्यापाशी नसतो. ऑइलरमधून हवेबरोबर जे बारीक थेंब येतील, तेवढ्यावरच त्याला दिवस काढायचा असतो. कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली हवा तापते, पाइपात निवते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते पाणी पातळ ऑइल धुऊन नेतं. म्हणून हॅमरचं ऑइल चिकट असतं, ओल्या लोखंडालाही धरून राहतं. जळक्या ऑइलात तो चिकटपणा उरलेला नसतो. वर काजळी आणि लोखंडाचा कीस, तो फडक्याने गाळला जात नाही.

9.00

मामा हॅमर कानाने चालवत. उजवा कान किंचित खाली, मान तिरपी. पाचवा होल निम्म्यावर असताना त्यांनी हवा बंद केली. "सुका वाजतोय." हवा पुन्हा सोडून हॅमरच्या भोकातून निघणाऱ्या वाऱ्यासमोर त्यांनी तळहात धरला. ऑइल नीट जात असेल तर तळव्यावर पुसट तेलकट थर येतो. त्यांचा तळवा काळपट आणि ओला झाला होता.

मी वरून ओरडलो, "चालू द्या मामा!" ते शब्द अजून कानातून जात नाहीत.

9.40

हॅमर अडकला. रॉड साडेतीन फूट खडकात, फिरेना की निघेना.

9.40 ते दुपारी 2

हॅमर यारीने वर काढला, पोत्यावर उघडला. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, नख फिरवलं तर अडकावं इतके खोल. मामांनी सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, बारीक पॉलिश पेपरने तासभर घासले. मी मोटारसायकलवर कळंबला गेलो आणि तेच ऑइल घेऊन आलो, लालसर, मधासारखं. सकाळी गेलो असतो तर साडेआठला परत आलो असतो.

बसवताना मामांनी पाइपाच्या तोंडात दोन चमचे ऑइल घातलं आणि हवा हळू सोडली. आवाज भरला. ते पहिल्यांदाच हसले.

4.20

चौदावा होल झाला. बालाघाटाकडून आभाळ काळं होत आलेलं. ब्लास्टिंगवाला माल घेऊन दुपारपासून थांबला होता. माल रात्री शेतात ठेवता येत नाही आणि उद्या त्याचं दुसरीकडे काम होतं. वैशाखातलं आभाळ रोजच भरतं आणि रोज विरतं, असं मीच म्हणालो. भरायला सुरुवात झाली: तोटे, कॅपा, वायरी.

5.10

अकरा होल भरले. वीज चमकली. मी मोजायला लागलो; दहाच्या आकड्यावर गडगडाट आला, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या आत. विजेवर उडणाऱ्या कॅपांना वरची वीज लांबून पडली तरी पुरते. ब्लास्टिंगवाल्याने काम तिथेच सोडलं. "आहे तसं राहू द्या. सगळे वर."

5.24

यारीच्या बकेटमधून दोघं दोघं वर आले. आम्ही बांधाच्या पलीकडे पळालो. मामा थांबले. हॅमर खालीच राहिला होता. निदान पाइप तरी सोडवून तोंड झाकावं, धूळपाणी जाईल, म्हणून ते कॉम्प्रेसरकडे वळले.

5.30

उजेड आणि आवाज एकदमच. वीज कुठे पडली ते कोणी पाहिलं नाही. अकराही होल एका दमात उडाले. यारी आडवी झाली. मामा कॉम्प्रेसरच्या आडोशाला पडलेले, दोन्ही कानांतून रक्त.

डावा कान दोन महिन्यांनी आला. उजवा आला नाही.

सहाव्या दिवशी दगडांखालून हॅमर निघाला. दांडा वाकलेला, पण पाइप जोडायचं तोंड शाबूत. मी त्यात बोट घातलं. बोटाला ऑइल लागलं, लालसर, चिकट, कळंबहून आणलेलं.