डब्याला दार हवं

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आमचा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी बंद पडायला लागला. आमचं घर नंदुरबारला, मिरचीच्या पथारीपासून हाकेच्या अंतरावर. हिवाळाभर तिथे लाल मिरची उघड्यावर सुकते आणि तिची धूळ खिडकीतून आत येते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर लालसर थर. पुसता पुसता शिंकून जीव गेला.

आपण ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, तो खरं तर नुसता डबा. सीपीयू म्हणजे आतली चिप. आमचा डबा खालून गंजला होता आणि पुढून पूर्ण बंद होता. हवा शिरायला जागाच नव्हती. याच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका डिझाइन करून मी कॉलेजची फी भरत होतो. नव्या कॅबिनेटला पैसे नव्हते. मागच्या अंगणात मात्र जुन्या घराचं सागवानी दार पडून होतं.

दार कापण्याआधी मी वाचायला बसलो. तेव्हा कळलं, की डबा घरी बनवणारा मी काही पहिला वेडा नाही.

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. घरी जोडायच्या कॉम्प्युटरची लाट त्याच्यापासून उसळली. गंमत म्हणजे फोटोतला डबा रिकामा होता. खरा नमुना पार्सलमध्ये हरवला, म्हणून नुसत्या खोक्याचा फोटो छापला! पुढच्याच वर्षी ‘ॲपल १’ आला, ६६६.६६ डॉलरला. त्यात उलट होतं: बोर्ड मिळायचा, डबा नाही. कीबोर्ड, वीजपुरवठा, खोकं ज्याचं त्याने बघायचं. लोकांनी लाकडी खोकी बनवली. त्यातली काही आज संग्रहालयांत आहेत. १९९६ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ४ जीबीच्या दहा हार्ड डिस्क खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या खोक्यात बसवल्या. त्यांच्या त्या प्रकल्पाचं पुढे गूगल झालं.

पण मला थांबवलं ते मुंबईच्या एका डब्याने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी पन्नासच्या दशकात स्वतःच एक कॉम्प्युटर बांधला, टिफरॅक. १९६० मध्ये तो रीतसर सुरू झाला. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. हे सगळं १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेलं, आणि त्याच्या प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंना दारं. ज्यांनी तो बांधला त्यांनाच तो दुरुस्त करायचा होता. मग आत हात घालायला वाट नको?

आमच्या जिल्ह्याचं नाव कॉम्प्युटरच्या गोष्टीत येतं ते फार नंतर. २९ सप्टेंबर २०१० ला टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. यंत्रांनी आमच्या बोटांचे ठसे, डोळ्यांचे फोटो घेतले. यंत्राने आम्हाला आतपर्यंत पाहिलं. आम्ही मात्र त्याला बाहेरूनच पाहत आलो.

एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचं माप ठरवलं, त्यामुळे बोर्डाची भोकं कुठे असणार हे जगभर ठरलेलं आहे. जुन्या डब्यावर पुठ्ठा ठेवून मी भोकं उतरवली. गल्लीतल्या सुतारकाकांनी दार कापून दिलं. आतून तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. पुढे खाली १२० मिलिमीटरचा पंखा हवा आत घ्यायला, मागे वर दुसरा बाहेर फेकायला. कारण गरम हवा वर जाते. पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीची जाळी, काढून धुता येईल अशी. एका बाजूला बिजागरीचं दार.

आजी येऊन म्हणाली, “हाई काय शे रे भाऊ?”

उत्तर द्यायच्या आत धाकट्या बहिणीने पत्र्याला हात लावला आणि किंचाळली. झिणझिण्या. जुन्या कॅबिनेटला मागे हात लागला की मलाही यायच्या. कॉम्प्युटर असाच असतो, असं मी समजत होतो. वायरमन आला, टेस्टर लावला आणि भिंतीतला सॉकेट उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. घराला अर्थिंगच नव्हतं! पॉवर सप्लायमधून पत्र्यावर झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती. त्या उन्हाळ्यात पत्रिकांचे सगळे पैसे खड्डा, पाइप, मीठ, कोळसा आणि वायरीत गेले. फी उशिरा भरली, दंडासकट.

आता कॉम्प्युटर दुपारीही चालतो. दर रविवारी बहीण डब्याचं दार उघडते, जाळी धुते, ब्रशने पंखा झाडते. आधी प्लग काढायचा, हे तिला सांगावं लागत नाही. परवा तिने रॅमची पट्टी काढली आणि कट्‌कन आवाज होईपर्यंत दाबून परत बसवली. मी शेजारी नुसता उभा होतो.

तुमच्या घरातल्या सॉकेटचं तिसरं भोकही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.