दोन बचावकर्त्यांचा सीपीआर (प्रौढ)

दोन बचावकर्त्यांचा सीपीआर म्हणजे हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढ व्यक्तीवर दोघांनी मिळून करावयाचा प्रथमोपचार होय. एक जण छातीवर दाब देतो, दुसरा श्वास देतो. मात्र केवळ कामाची वाटणी हा या पद्धतीचा हेतू नाही. दाब देणारा एक-दोन मिनिटांतच थकतो आणि त्याच्या नकळत दाब उथळ होऊ लागतो. त्याला वेळेवर बदलणे हे दुसऱ्याचे मुख्य काम आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तालुक्यात गावे जंगल व धानशेतीत विखुरलेली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत दाब टिकवून धरावा लागतो, आणि ते एकट्याच्या आवाक्यातले नसते.

=== कृती ===
रुग्ण हाकेला प्रतिसाद देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने लगेच दाब सुरू करावा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वसन नव्हे. रुग्णाला खाटेवरून जमिनीवर घ्यावे, कारण खाटेवर दाब वाया जातो. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मोजणी मोठ्याने करावी. ३० दाबांनंतर डोक्याशी बसलेल्याने हनुवटी उचलून, नाक दाबून, छाती उंचावेल इतके दोन श्वास द्यावेत. अशी पाच आवर्तने, म्हणजे सुमारे दोन मिनिटे झाल्यावर पाच सेकंदांच्या आत जागा बदलावी. स्वयंचलित डिफिब्रिलेटर उपलब्ध झाल्यास एकाने तो लावताना दुसऱ्याने दाब थांबवू नये.

अप्रशिक्षितांसाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलने केवळ छातीदाबाची पद्धत सुचवली आहे. तीतही आळीपाळी आवश्यकच आहे. मात्र मामा तलावात बुडालेल्याला श्वासांची गरज अधिक असते.

=== वीज पडल्यास ===
रोवणीच्या दिवसांत बांधीत वीज पडून हृदय थांबू शकते. अशा व्यक्तीच्या अंगात वीज उरत नाही; तिला स्पर्श करणे सुरक्षित असते. मध्य भारतात काही ठिकाणी तिला शेणात पुरतात. हा उपचार नव्हे. त्यात मोलाची मिनिटे जातात. वादळ चालू असल्यास आधी सुरक्षित आडोसा गाठावा.

रुग्ण श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा आरोग्य कर्मचारी सूत्रे हाती घेईपर्यंत दाब चालू ठेवतात. बरगडी मोडल्याचा आवाज आला, तरी थांबत नाहीत.