पहिला कॅमेरा आणि समोरचा माणूस

आमच्या विभागातून एम.ए. झालेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली होती. साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणे यांची छायाचित्रे काढायची आणि जोडीला व्यक्तिचित्रे करायची, असा तिचा बेत. "सर, मॅडम, पहिला कॅमेरा कोणता घेऊ?" मराठीच्या प्राध्यापकांना हे विचारावे, याचे आम्हाला आधी हसू आले. मागाहून वाटले, प्रश्न आपल्या प्रांताबाहेरचा नाही. समोरच्या माणसापासून आपण किती अंतरावर उभे राहणार, हे कॅमेरा निवडताना ठरते. कथेचा निवेदक निवडताना लेखकही हेच ठरवत असतो. या निवडीचा इतिहास तपासून पाहावा, म्हणून हे टिपण.

दागेरचे तंत्र 1839 साली जाहीर झाले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारी ती प्रतिमा एकुलती एक असे, तिची दुसरी प्रत निघत नसे. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. अट एकच, काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती लवकर सुकत असेल, याची कल्पना करावी. कॅमेरा निवडणे म्हणजे त्या काळी अंधारखोली, रसायने आणि ती वाहणारी माणसे यांसह सारा संसार निवडणे होते.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यक्तिचित्रांचा व्यवसाय उभा केला. त्यांच्या पिढीपुढे समारंभाचे छायाचित्रण हा पर्यायच नव्हता. काही सेकंद निश्चल बसलेला माणूसच काचेवर स्पष्ट उमटे, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावण्याची रीत होती. जुन्या छायाचित्रांतील आपले पूर्वज इतके करारी का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या लोखंडात आहे. स्वभाव म्हणून आपण जे वाचतो, ते पुष्कळदा यंत्राचे व्याकरण असते.

1854 मध्येच पॅरिसच्या दिस्देरी याने एका काचेवर आठ छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. चित्र स्वस्त झाले, मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पण स्वस्ताईने सारे प्रश्न सुटत नाहीत. राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत 1892 साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि त्याची सूत्रे एका स्त्रीकडे दिली. यंत्र तेच होते. फरक पडला तो यंत्रामागे कोण उभे आहे, याने.

पुढे 1925 मध्ये लायका आणि 1929 मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आला. लायका डोळ्याला लावायचा, चपळ, चालत्या घटनेचा पाठलाग करणारा. रोलायफ्लेक्स पोटाशी धरायचा. छायाचित्रकार मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो आणि त्याच्या व समोरच्या माणसाच्या मध्ये यंत्र आडवे येत नाही. आमच्या मते हा फरक वृत्तीचा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला 1942 मध्ये दिल्लीला गेल्या. साडी नेसून, खांद्यावर जड सामान घेऊन त्यांनी सत्तांतराचे सोहळे टिपले, तसेच नेत्यांचे निवांत क्षणही. त्यांच्या हाती रोलायफ्लेक्स असे, तसाच मोठ्या फिल्मचा स्पीड ग्राफिकही. समारंभ आणि व्यक्तिचित्र या दोन वाटा त्यांच्या कामात एकत्र येतात. लाल किल्ल्यावरच्या गर्दीतही त्यांना माणूस दिसतो. 1970 मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2012 मध्ये त्या निवर्तल्या.

मराठी घरांत या दोन वाटा आणखी एका ठिकाणी मिळतात. भिंतीवरची, हार घातलेली तसबीर निरखून पाहावी. पुष्कळदा ती कुणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून कापून मोठी केलेली असते. खांद्याशी दुसऱ्याचा हात अर्धवट उरलेला असतो. अशा वेळी फिल्मचा आकार निर्णायक ठरे. 24 गुणिले 36 मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा रोलायफ्लेक्सच्या चौकोनी चित्राचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक, म्हणून मोठे करताना चेहरा टिके. छोट्या फिल्मवर त्याचे नुसते कण होत. कुण्या छायाचित्रकाराने केलेली निवड अशी पुढे एका घराची स्मृती ठरली.

आज ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात, ते 24 गुणिले 36 हेच लायकाचे माप. फिल्म गेली, माप राहिले. म्हणून आम्ही विद्यार्थिनीला इतिहासातून निघालेले उत्तर दिले. कॅमेऱ्याची बॉडी वापरलेली चालेल, लहान सेन्सरचीही चालेल. मात्र पैसे भिंगावर खर्च कर. सोबत मिळणाऱ्या झूमचे छिद्र लांबच्या टोकाला बहुधा एफ 5.6 असते, 50 मिलिमीटरचे साधे भिंग एफ 1.8 पर्यंत उघडते. मंडपाच्या अपुऱ्या उजेडात हा फरक जवळजवळ दहापट प्रकाशाचा. लहान सेन्सरवर तेच भिंग सुमारे 75 मिलिमीटरसारखे वागते, तेव्हा व्यक्तिचित्रासाठी दोन पावले मागे सरावे लागते आणि नाक मोठे दिसण्याचा दोष टळतो. समारंभ पुन्हा घडत नाही, तेव्हा एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारी बॉडी परवडली तर उत्तमच.

हे सारे ऐकून ती म्हणाली, "आमच्या आजीचा एकच फोटो आहे. काकांच्या लग्नातला, कापलेला. चेहरा नीट दिसतच नाही." आम्हाला पुढे बोलायचे काही उरले नाही. कॅमेरा कशासाठी घ्यायचा, हे तिला आमच्याआधीच ठाऊक होते. ज्या समूहचित्रांत माणसे कडेला उभी असतात, त्यांतल्या प्रत्येकाचा चेहरा कधीतरी कुणाला हवा असणार आहे, एवढेच ध्यानात ठेवून तिने पहिल्या समारंभाला जावे.